हिवाळ्यात लाईट जाते त्या घराची तयारी: आधी काय, नंतर काय

डिसेंबर लागला की ओळखीपाळखीतून एकच फोन येतो: "दादा, इन्व्हर्टर घेतोय, केवढा घेऊ?" मी उलट विचारतो, लाईट कधी जाते, किती वेळ जाते, आणि तेव्हा घरात काय काय चालू असतं? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. मग दुकानदार सांगेल ती बॅटरी घरात येते, महिनाभर बरं चालतं, आणि एका पहाटे कुणीतरी पाणी तापवायचा हीटर त्याच लाइनवर लावतं. इन्व्हर्टर टीं-टीं करून बसतो. घरात अंधार, आणि बादलीतलं पाणी तसंच गार.

वस्तू चांगलीच असते, पण सगळं उलट्या क्रमाने केलेलं असतं. हिवाळ्यात घराला तीन गोष्टी लागतात: उजेड, गरम पाणी आणि ऊब. यातला फक्त उजेड बॅटरीवर चालवायचा. पाणी आणि ऊब यांची सोय विजेशिवाय लावून ठेवायची. खालचे टप्पे याच हिशेबाने लावलेत. मी निफाड, दिंडोरी, जुन्नर या पट्ट्यातली गावं आणि वस्त्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. शहरातल्या फ्लॅटलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

## टप्पा १: आठवडाभर नुसती नोंद करा

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीतच पेन्सिलीने लिहा: गेली ५:४०, आली ७:१०. सात दिवस पुरे.

आमच्याकडे हिवाळ्यातली लाईट उन्हाळ्यासारखी जात नाही. गहू, हरभरा, कांद्याला पाणी द्यायचे हेच दिवस. थ्री-फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली उतरतो अशा रात्री द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक सोडतात, म्हणजे ऐन पहाटेही मोटारी चालू. त्याच वेळी गावात गिझर लागलेले. डीपीवरचा, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरपाशीचा, फ्यूज जातो तो अशा वेळी. म्हणून हिवाळ्यात बहुतेक घरांची अडचण पहाटे ५ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात असते. तुमची वेगळी असू शकते, म्हणूनच नोंद.

सोबत दोन गोष्टी विचारून घ्या. एक, तुमचं घर गावठाण फीडरवर (सबस्टेशनहून गावात येणाऱ्या लाइनवर) आहे की शेतीच्या? मळ्यातली वस्ती शेतीच्या फीडरवर असेल तर थ्री-फेज साधारण ८ तास मिळते, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. तिथली तयारी गावातल्या घरापेक्षा मोठी लागते. लाइनमनला विचारलं की तो लगेच सांगतो. दोन, बिलावरच्या १२ आकडी ग्राहक क्रमांकाला कुणाचा मोबाईल जोडलेला आहे? बऱ्याच घरांत वारलेल्या आजोबांचा किंवा बंद पडलेला नंबर असतो. चालू नंबर नोंदवला की देखभालीसाठी लाईट बंद राहणार असेल त्याचा मेसेज आधी येतो.

तपासा: सलग सर्वांत जास्त किती तास लाईट गेली हा आकडा हातात आला का? पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

## टप्पा २: कोण किती खातं ते लिहून काढा

प्रत्येक उपकरणावर वॅटचा आकडा छापलेला असतो. एका कागदावर उजेडाच्या वस्तू, दुसऱ्यावर तापणाऱ्या आणि मोटारीच्या वस्तू लिहा.

पहिल्या कागदावर: एलईडी बल्ब ९ वॅट, राउटर १० ते १२, मोबाईलचा चार्जर १० ते २०, ३२ इंची टीव्ही साधारण ५०, साधा पंखा ७०-७५ (हिवाळ्यात तो बंदच असतो, हा आपला फायदा).

दुसऱ्यावर: गिझर २०००, पाणी तापवायचा रॉड १५००, इस्त्री १०००, मिक्सर ५०० ते ७५०, रूम हीटर २०००, एक एचपीची मोटार किमान ७४६ आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की बचत कुठे आहे ते दिसतं. नऊ वॅटचे १० बल्ब पाच तास लावले तर दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा कमी. आता आंघोळ बघा. टाकीतलं पाणी १८ अंशांचं असेल आणि १५ लिटरचा गिझर ६० अंशांपर्यंत तापवला, तर एका भरण्याला सुमारे पाऊण युनिट जातं. त्यात गार पाणी मिसळून अंगाला सोसेल असं २५-२६ लिटर होतं, म्हणजे एकाची आंघोळ. चार माणसांची आंघोळ म्हणजे महिन्याला ७५ ते ९० युनिट, नुसत्या पाण्याची! खोलीतला दिवा मालवण्यावरून मुलांना रोज रागावणाऱ्या घरात गिझर तासभर चालू असतो, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात. १०१वं युनिट झालं की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. वरचा दर १००च्या पुढच्या युनिटनाच लागतो. पण हिवाळ्यात ती पुढची युनिटं गिझरचीच असतात, म्हणून कात्री तिथेच लावायची.

## टप्पा ३: आधी भार उतरवा

बॅटरी विकत घेण्याआधी हे करा. उलटं केलंत तर गरजेपेक्षा मोठी बॅटरी गळ्यात पडते.

गिझरचा थर्मोस्टॅट ५०-५५च्या आसपास ठेवा. लाल दिवा विझला की बटण बंद, आणि लगोलग एकामागून एक आंघोळी. दोन आंघोळींत तासाभराचं अंतर पडलं की टाकी पुन्हा तापते. फ्रिजचा नॉब हिवाळ्यात एक-दोन घरं खाली आणा. उरलेले जुने ट्यूब आणि साधे बल्ब बदलून टाका.

पहाटेचा व्होल्टेज एकदा मोजून घ्या. २३०च्या जागी १८० मिळत असेल तर २००० वॅटचा गिझर जेमतेम १२०० वॅटने तापतो. पाण्याला दीडपटीहून जास्त वेळ लागतो आणि लोक समजतात कॉईल गेली. ती गेलेली नसते. मोटारीचं मात्र उलट आहे: कमी व्होल्टेजवर ती जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. १८०च्या खाली मोटार लावूच नका.

सावधान: बल्ब अचानक डोळे दिपतील इतके प्रखर झाले किंवा एका खोलीत झगझगीत आणि दुसऱ्या खोलीत मिणमिणते दिसले, तर न्यूट्रल (वीज परत जायची तार) तुटलेला असू शकतो. विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा. टीव्ही, फ्रिज, चार्जर सगळं काही क्षणांत जळतं.

## टप्पा ४: इन्व्हर्टर आणि बॅटरी

हिशेब असा. १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती पूर्ण रिकामी करायची नसते. ६० टक्क्यांपर्यंतच वापरायची धरा. इन्व्हर्टरमध्ये थोडं वाया जातं. हाताशी येतात साडेआठशे वॅट-तास. चार बल्ब, राउटर, दोन चार्जर आणि थोडा वेळ टीव्ही मिळून १०० ते १२० वॅट होतात. म्हणजे सात-आठ तास. थंडीत बॅटरीची ताकद काहीशी उतरते, तेव्हा सहा धरून चाला. पहिल्या टप्प्यातला आकडा यात बसतो का ते बघा. दोन तासांपलीकडे लाईट जातच नसेल, तर ही बॅटरीसुद्धा मोठीच.

९०० व्हीएचा इन्व्हर्टर सुमारे ७०० वॅट पेलतो. गिझर, रॉड, इस्त्री, हीटर त्यावर कधीच नाहीत. "पाचच मिनिटं लावतो" हेही नाही.

वायरिंगमधली चूक. इन्व्हर्टरची लाइन वेगळी हवी, आणि त्यावरच्या बोर्डात १६ अँपिअरचं मोठं सॉकेट नसावं. मोठं सॉकेट दिसलं की कुणीतरी त्यात इस्त्री लावणारच. न्यूट्रल दुसऱ्या सर्किटबरोबर एकत्र बांधला तर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा सुरक्षेचा स्विच) सारखा पडतो. मग तो काढून टाकायला सांगतात. तसं होऊ देऊ नका. वायरमनकडून न्यूट्रल वेगळा करून घ्या आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

मागच्या बाजूचं बटण. इन्व्हर्टरच्या पाठीवर बॅटरीचा प्रकार निवडायचं छोटं बटण असतं: फ्लॅट, ट्युब्युलर, सीलबंद. ट्युब्युलर बॅटरी लावून बटण दुसरीकडे राहिलं तर ती कधी पुरती भरत नाही किंवा उकळत राहते. नवी म्हणून घेतलेली बॅटरी दोन वर्षांत गेली असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा हे बटण बघतो.

जागा. चार्ज होताना ट्युब्युलर बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद कपाटात, पलंगाखाली किंवा देवघराच्या खाली ती ठेवू नका. समई-निरांजन आणि बॅटरी एका कोपऱ्यात नकोच.

पाणी. थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा, मग दर दोन-तीन महिन्यांनी. क्रम पाळा:

१. इन्व्हर्टर बंद करा, त्याची पिन भिंतीतून काढा.
२. अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवा. डोळ्यांवर साधा चष्मा तरी असू द्या.
३. झाकणं उघडण्याआधी बॅटरीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ती आत जाते.
४. प्रत्येक कप्प्याचा तरंगणारा दर्शक बघा. लाल रेषेजवळ असेल त्यातच डिस्टिल्ड वॉटर घाला, हिरव्या खुणेपर्यंत. काठोकाठ नाही, चार्जिंगला ते वर येऊन सांडतं.
५. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा (सोड्याचं पाणी कप्प्यात जाऊ देऊ नका), कोरडं करा. जोडताना आधी पॉझिटिव्ह. वरून व्हॅसलीनचा पातळ हात.

नळाचं किंवा बोअरचं पाणी, फिल्टरचं पाणी, "थोडं ॲसिड" यातलं काहीही घालायचं नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात आणि बॅटरी मरते.

तपासा: बॅटरी पूर्ण चार्ज करून, इन्व्हर्टर बंद ठेवून चार-पाच तासांनी मल्टिमीटर लावा. १२.६-१२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. रात्रभर चार्ज होऊनही १२.२ दाखवत असेल तर पैसे बॅटरीवर घालायचे, नव्या इन्व्हर्टरवर नाही. जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या. दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, त्यात शिसं आणि आम्ल असतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. छतावर सोलर पॅनेल बसवले आणि ते नुसते ग्रिडला जोडलेले असतील, तर लाईट गेल्यावर तेही बंद होतात. भर उन्हातसुद्धा! तसं मुद्दाम केलेलं असतं: तुमच्या छतावरची वीज बंद लाइनमध्ये शिरली तर खांबावर चढलेला माणूस जिवाला मुकेल. लाईट गेल्यावरही सोलर चालायला हवं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो आधीच सांगून घ्यावा लागतो. २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यावर ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं म्हणून पुष्कळांनी पॅनेल घेतले. बिल उतरलं, पण लाईट गेली की घर अंधारातच, आणि आता ते फसल्यासारखे बसलेत.

हेच कारण जनरेटरला. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये खोचतात. ती वायर आज घरात असेल तर आज कापून टाका. चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाइन नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा स्विच) जनरेटर जोडायचा नाही, आणि तो घराबाहेर, खिडकीपासून लांब.

## टप्पा ५: गरम पाणी विजेशिवाय

ज्यांच्याकडे अंगणात बंब किंवा चूल आहे त्यांनी ती मोडीत काढू नये. लाकडं, कांड्या, पालापाचोळा कोरडा ठेवा. पहाटे दव पडतं आणि उघड्यावरचं सरपण पेटत नाही. आदल्या रात्रीच बंबाशेजारी झाकून ठेवा.

सौर बंब असेल तर पाइपांवर फोमचं वेष्टण घाला. डिसेंबरात टाकीत पाणी तापलेलं असतं, पण गच्चीवरून न्हाणीपर्यंत येणाऱ्या उघड्या पाइपात रात्रभर गार पडलेलं पाणी आधी येतं. ते बादलीत धरा, भांड्यांना वापरा.

गॅस गिझर बहुतेक सेलवर पेटतो, म्हणून लाईट गेली तरी चालतो. त्याचे दोन मोठे सेल थंडीआधी बदला. पण खालचं नीट वाचा.

सावधान, आणि हे घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा: गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवू नका. जळणाऱ्या गॅसला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, चक्कर येते, आणि कडी आतून लावलेली असते. गिझर बाहेर, पाइपाने पाणी आत. ते जमत नसेल तर बाहेर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मगच आंघोळीला जा. थंडी वाजते म्हणून झरोका कागदाने बुजवायचा नाही.

बादलीतला रॉड वापरत असाल तर: आधी रॉड पाण्यात, मग बटण, काढताना आधी बटण बंद, पिन बाहेर, मग रॉड. पाणी तापलं का ते बटण चालू असताना बोट घालून बघायचं नाही. आणि लाईट गेली की रॉडचं बटण आठवणीने बंद करा. बादली रिकामी करून ठेवली आणि दोन तासांनी लाईट आली तर रॉड कोरडा तापून प्लास्टिकची बादली पेटते.

म्हाताऱ्या माणसांसाठी एक सोपी सोय: रात्री झोपताना मोठ्या थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून ठेवा. पहाटे तोंड धुवायला, औषध घ्यायला गॅस पेटवावा लागत नाही.

## टप्पा ६: टाकी

नोंदीत पहाटेची लाईट जात असेल तर मोटार रात्री ९च्या आधी लावायची. स्वयंपाकघरात एक पिंप किंवा कळशी भरलेली. घरात प्रेशर पंप असेल तर लाईट गेल्यावर नळाला थेंब येत नाही, म्हणून प्लंबरकडून बायपासचा कॉक बसवून घ्या. दाब कमी राहील, पण पाणी येईल.

## टप्पा ७: ऊब

रूम हीटर इथल्या थंडीला लागत नाही असं माझं ठाम मत आहे. उन्हं कलायच्या आत, साडेपाचला खिडक्या लावा. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी. गोधडी अंगावर एक आणि अंगाखाली एक. गार फरशीवर गादी टाकून वरून तीन पांघरुणं घेतली तरी थंडी खालून लागत राहते. बाजेवर झोपणाऱ्याने तर खाली जाड अंथरावंच, कारण बाजेखालून वारं जातं. गोधड्या नोव्हेंबरच्या उन्हात वाळवून ठेवा.

सावधान: कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे झोपायच्या खोलीत न्यायचे नाहीत. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं नाही. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही तोच कार्बन मोनॉक्साइड निघतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची पद्धत अजून आहे. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी, कुणीतरी जागं, आणि शेक झाला की शेगडी बाहेर.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या यंत्रावर) रुग्ण असेल तर वरचा बॅटरीचा हिशेब पुरत नाही. पाच लिटरचं यंत्र सुमारे ३०० ते ३५० वॅट घेतं, ते १५० एएचवर अडीच तासही नीट चालणार नाही. भरलेला सिलिंडर घरात हवाच, आणि तो लावायचा कसा ते दोघांना तरी यायला हवं.

## टप्पा ८: रंगीत तालीम

एका रविवारी संध्याकाळी ६ वाजता मेन स्विच स्वतः बंद करा. दोन तास. कुणाला आधी सांगू नका, फक्त जिन्यात कुणी नाही एवढं बघा.

टॉर्च कुठे आहे ते कोणाला सापडत नाही, हे पहिल्या मिनिटात कळतं. ती दाराच्या खिळ्याला टांगा, ड्रॉवरमध्ये नको. इन्व्हर्टरच्या लाइनवर न्हाणीघराचा आणि जिन्याचा दिवा आहे का? बऱ्याच घरांत हॉलमधले चार दिवे असतात आणि हे दोनच राहतात. राउटर चालतोय, पण भिंतीवरचा फायबरचा डबा दुसऱ्या सॉकेटवर, म्हणून नेट बंद? इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतोय, म्हणजे यादीबाहेरचं काहीतरी त्या लाइनवर आहे. एकेक बटण बंद करत शोधा. जे जे सापडेल ते त्याच आठवड्यात दुरुस्त करून पुढच्या रविवारी पुन्हा एक तास तालीम घ्या.

## टप्पा ९: खरोखर लाईट गेली की

१. खिडकीतून शेजारी बघा. त्यांच्याकडे आहे? मग आपला एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) बघा. पडला असेल तर एकदाच उचला. पुन्हा पडला तर वायरमनला बोलवा, दाबून धरू नका.
२. गिझर, रॉड, मोटार, इस्त्री यांची बटणं बंद. विसरायला होतं म्हणून मी ही चार नावं मेन स्विचशेजारी पाटीवर लिहून लावलीयेत.
३. महावितरणच्या १९१२ या नंबरवर फोन करून तक्रार द्या, ग्राहक क्रमांक हाताशी ठेवून. "शेजाऱ्याने केली असेल" म्हणून सगळेच गप्प बसतात.
४. फ्रिज उघडू नका. बंद राहिला तर चार तास आतलं टिकतं.
५. डीपीपाशी जाऊन काठीने फ्यूज बसवायला कुणी निघालं तर हाताला धरून थांबवा. दर हिवाळ्यात माणसं यात जातात.
६. लाईट आली की पाच मिनिटं थांबा. आधी एक बल्ब लावून बघा. उजेड स्थिर असेल तर फ्रिज, मग मोटार, सगळ्यात शेवटी गिझर.